ह्यूच्या नावापुढची ओळ

...नाही नाही, कुराण शरीफ नाही ते, ते असं काउंटरवर ठेवेन का मी — आणि कायद्याचंही पुस्तक नाही. बघा की, हात लावा. जपून, जड आहे. तुम्ही बसा निवांत, सिद्धांतसाहेब, तुमच्या बेबीचं बर्थ सर्टिफिकेट टाइप करून झालंय, अरबीसुद्धा झालंय, पण त्यावर सही-शिक्का आमच्या उस्तादांचा लागतो — मिसरी, इजिप्तचे आहेत ते, लीगल ट्रान्सलेटर, लायसन त्यांच्या नावावर — आणि ते आत्ताच असरच्या नमाजला गेले. मशीद कोपऱ्यावरच आहे, पण ह्या रोल्लाच्या गल्ल्यांतून चालत परत यायचं म्हणजे वाटेत चार मित्र भेटणार, चहा होणार. वीस मिनिटं धरा. ती खुर्ची घ्या, एसी बरोबर तिथे लागतो. पुण्याचे ना? बोलण्यावरून वाटलंच. मी रत्नागिरीचा, साखरतर, खाडीच्या तोंडाशी गाव आहे. अलीमियाँ सोलकर. तेहतीस वर्षं झाली शारजात, दिवसभर हिंदी, इंग्लिश, अरबी, त्यामुळे मराठी माणूस आला की तोंड जरा सैल सुटतं, तुम्ही कंटाळलात तर सांगा.

तर हे पुस्तक — इंग्लंडमधल्या मोठ्या घराण्यांची वंशावळ आहे. लॉर्ड असतात, बॅरनेट म्हणजे पिढीजात ‘सर’ असतात, त्यांच्यात कोण कुणाचा मुलगा, कुणाचं कुणाशी लग्न झालं, कोण कधी वारलं, सगळं. आमच्याकडे शिजरा म्हणतात त्याला. अक्षर बघा, मुंगीएवढं. पण एकदा रीत कळली की सोपं आहे, आपल्या फॉर्मसारखंच — बी म्हणजे जन्म, एम म्हणजे लग्न, डी म्हणजे मृत्यू. माणसाचं सगळं आयुष्य तीन अक्षरांत खलास. ती चिठ्ठी घातलीय ना, ते पान काढा. एल्डरकॉट. हां. हे घराणं तिकडे बारा पिढ्या बॅरनेट आहे. आता खाली या — खाली — सेकंड सन. ह्यू. बी, नाइन्टीन एटी-सिक्स. डी, आणि पुढे काय आहे? यू-एन-एम. अनमॅरीड. अविवाहित वारला, दोन हजार एकोणीस. वाचलंत? ते खोटं आहे. त्याचं लग्न झालं होतं. माझ्या मुलीशी झालं होतं.

नाही, सांगतो ना. ह्यू पहिल्यांदा आला तो ह्याच खुर्चीवर बसला होता — अहो उठू नका, तसं नाही म्हटलं मी. रास अल खैमात एका शाळेत इतिहास शिकवायचा, डिग्रीचं भाषांतर हवं होतं, आणि त्या दिवशीही उस्ताद नमाजलाच गेलेले. लांब, हडकुळा, नाक उन्हाने सोललेलं, कॉलर विरलेली — मला काय माहीत हा कुणाचा कोण. फॉर्मसाठी पूर्ण नाव विचारलं तर त्याने पाच नावं सांगितली. मी म्हटलं, बाबा, बॉक्स एवढाच आहे. तो हसला, म्हणाला की घरच्यांनी एकेका आजोबाचं एकेक नाव माझ्यावर लादलंय. मी म्हटलं, आमच्याकडेही असतं, आणि मी माझी सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवली, लहानपणी आजोबांनी पाठ करून घेतली होती, चुकलो तर कान पिळायचे. त्याने खिशातून पेन काढलं आणि माझ्याच रद्दी कागदावर ती उतरवून घेतली. तेहतीस वर्षांत, साहेब, ह्या दुकानात किती माणसं आली असतील — मला माझ्या आजोबांचं नाव विचारणारा तो एकटा.

मग तो दर शुक्रवारी यायला लागला. तेव्हा शुक्रवारची सुट्टी असायची. रास अल खैमाहून तासभर गाडी चालवत यायचा, आधी दुकानात, मग घरी जेवायला. बांगड्याचं सालन आणि तांदळाची भाकरी — हाताने खायला शिकला, काटे काढायला शिकला. भाकऱ्या अफशा करायची. अफशा माझी मुलगी, एकच. नूरजहाँ, तिची आई, अफशा अकरा वर्षांची असताना गेली, त्यानंतर दुसरं लग्न नाही केलं मी, आम्ही दोघंच. तेव्हा ती तेवीसची, एका क्लिनिकच्या रिसेप्शनला होती. जेवण झालं की ती आत, आणि आम्ही दोघं बाहेर कागद पसरून. त्याचं पुस्तक तो घेऊन यायचा, ह्याच्या आधीची आवृत्ती, त्यावरून त्याने मला वाचायला शिकवलं. आणि माझा शिजरा आम्ही बनवत होतो. त्याने कुठकुठल्या जुन्या नोंदी धुंडाळल्या, साखरतरला माझ्या चुलतभावाला पत्रं लिहायला लावली, मशिदीच्या वहीचे फोटो मागवले. माझे खापरपणजोबा गलबतावर नाखवा होते हे मला ठाऊक होतं, पण ते मस्कतला वारले आणि तिथेच त्यांना पुरलं, हे मला एका इंग्रजाने शोधून दिलं. मी रडलो होतो त्या दिवशी. म्हणजे — माझ्या आधी दीडशे वर्षं कुणीतरी ह्याच समुद्रावर आलं होतं, मी पहिला नव्हतो.

आमच्या शिजऱ्यात मुलींची नावं नसतात, तुम्हाला माहीत असेल-नसेल. बाप, मुलगा, नातू, असं सरळ खाली. ह्यूच्या पुस्तकात मुली असतात, पण सगळी मुलं संपली की मग खाली. तर त्याने आमच्या शिजऱ्यात माझ्या वडिलांशेजारी माझ्या आईचं नाव लिहिलं, माझ्या नावाशेजारी नूरजहाँ लिहिलं, आणि खाली रेघ ओढून अफशा. मी म्हटलं, हे आमच्यात नाही लिहीत. तो म्हणाला, मग इथून पुढे लिहा. तेव्हा मला कळायला हवं होतं. नाही कळलं. मला वाटलं, काय सभ्य माणूस आहे.

दोन वर्षांनी, ईदच्या दुसऱ्या दिवशी, दोघं माझ्यासमोर बसली. बोलली अफशाच. तो नुसता खाली बघत होता, कान लालबुंद. मग म्हणाला, मी कलमा पढेन, मनापासून पढेन, तुम्ही म्हणाल त्या मौलवींकडे चला. चांगलंच बोलला. मी त्याला म्हटलं, तुझ्याकडे बारा पिढ्यांचं पुस्तक आहे, माझ्याकडे एक मुलगी आहे, आणि तू माझ्या घरी जेवायला येत होतास. बस, एवढंच बोललो आणि उठलो. दोन महिन्यांनी दोघं जॉर्जियाला गेली, तिबिलिसीला. इथली खूप जणं जातात, एका दिवसात लग्न होतं, तुमच्याही ऑफिसात असतील कुणी. निघायच्या आधी अफशाने मेसेज केला होता, अब्बा, उद्या अकरा वाजता, दुआ करा. मी उत्तर नाही दिलं. चार वर्षं नाही दिलं. मुलगी झाली तेव्हा फोटो आला, नाव ठेवलं यम्ना. यम्ना माझ्या आईचं नाव. ते त्यांनी शिजऱ्यातूनच घेतलं असणार, दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. फोटो मी रोज बघायचो, पण उत्तर — नाही.

आणि मग एकोणीसचा जानेवारी. इथलं धुकं बघितलंय ना तुम्ही सकाळचं? पुढची गाडी दिसत नाही. शाळेत जाताना, रस्त्यावर एकामागे एक सात-आठ गाड्या आदळल्या, त्यातली तिसरी ह्यूची. अफशाचा फोन आला. म्हणाली, “अब्बा, ह्यू गेला.” मी आहे तसा निघालो. हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती, मांडीवर पोर, पोराच्या हातात बापाच्या गाडीची चावी. मी शेजारी बसलो, तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं, चार वर्षांबद्दल एक शब्द बोलली नाही. मय्यत त्यांच्या लोकांनी इंग्लंडला नेली. अफशाचा व्हिसा वेळेत झाला नाही. तिच्या नवऱ्याला तिच्याशिवाय पुरलं, तिकडे, त्यांच्या चर्चच्या आवारात, आणि ती माझ्या घरी सोफ्यावर बसून मोबाइलवर तिथला पाऊस बघत होती, कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता.

मग ती पोरीला घेऊन माझ्याकडेच राहिली. पाच महिने. साहेब, आता हे बोलू नये मी, पाप लागेल — पण ते पाच महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. दीड वर्षाची यम्ना. मी दुकानातून आलो की दाराशी. नाना म्हणायची मला, नाना, नाना, दिवसभर, कावळ्यालासुद्धा नाना. मी तिला गलबत करून द्यायचो, कागदाचं, बाथटबमध्ये.

आणि तेव्हाच ह्या पुस्तकाचं निघालं. ह्यूच्या आईचा जीव त्याच्यावर फार. लग्नाचं त्याने आईला फोनवर सांगितलं होतं, वडिलांना पटलं नव्हतं, ते ‘बघू’ म्हणाले होते. मुलगा गेल्यावर आईने धरलं की नव्या आवृत्तीत ह्यूच्या नावापुढे त्याची बायको आणि मुलगी आलीच पाहिजे. स्वतः आजारी होती, कॅन्सर, तिला ते छापलेलं बघायचं होतं. अफशाने मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी पाठवली, पण ती जॉर्जियन लिपीत, ती कुणाला वाचता येणार. वडील म्हणाले, खात्री करा. मग पुस्तकाच्या ऑफिसातल्या बाईंनी रीतीप्रमाणे मुलीकडच्यांना लिहिलं, की अमुक तारखेला लग्न झालं हे कृपया कन्फर्म करा. आणि तिकडे कुणीतरी कळवलं की असं लग्न झालंच नाही. एवढं एक पत्र. त्यावर त्यांनी हे छापलं, यू-एन-एम. कोण असतं असं करणारं? असतात लोक. नातेवाईक असतात, जळणारे असतात. साधं चार ओळींचं पत्र — टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ, नो सच मॅरेज वॉज एव्हर सॉलेम्नाइज्ड — त्यात एम नंतर एन असतो बघा, बरेच टायपिस्ट तो एन खातात, ह्या पत्रात बरोबर होता —

काय? नाही, मी — अफशाने दाखवलं होतं ना मला, म्हणून माहीत.

पाणी घ्या. घ्या ना, थंड आहे.

मीच टाइप केलं ते. ह्याच मशीनवर. आता कशाला लपवू, तुम्ही उद्या कुठे भेटणार आहात मला. पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं. त्यात छापायचा मसुदा जोडलेला होता, फक्त हो म्हणायचं होतं. ह्यू, मॅरीड अफशा, ओन्ली डॉटर ऑफ अलीमियाँ सोलकर, ऑफ साखरतर, रत्नागिरी. माझं नाव, साहेब. माझ्या गावाचं नाव, त्या पुस्तकात. दोनदा वाचलं मी. घरी अफशा पोरीला जेवू घालत होती, आणि मी इथे बसून दुकानाच्या लेटरहेडवर लिहिलं की असं काही लग्न झाल्याचं मला माहीत नाही. लेटरहेडवर ‘लीगल ट्रान्सलेशन’ छापलंय ना, त्यामुळे त्यांना ते अगदी पक्कं वाटलं असणार. सर्टिफिकेट भाषांतराला टाकणार होते, ते मग कुणी टाकलंच नाही. कशाला टाकतील, खुद्द बाप नाही म्हणतोय.

का म्हणजे — मी स्वतःला सांगितलं की मी पोरीसाठी करतोय. नाव त्यांच्या पुस्तकात गेलं की ती त्यांची झाली, उद्या वकील पाठवतील, घेऊन जातील, मोठी माणसं आहेत, आपलं काय चालतं त्यांच्यापुढे. दोन वर्षं मी हेच सांगत होतो, स्वतःला, मशिदीत, सगळीकडे. पण ते खरं नाही. खरं म्हणजे मला त्याचा राग होता. मेलेल्या माणसाचा. दोन वर्षं दर शुक्रवारी तो माणूस माझ्यासमोर बसून माझ्या वाडवडलांची नावं लिहीत होता, मला वाटायचं तो माझ्यासाठी येतो. कुणी माझ्यासाठी तासभर गाडी चालवत येत नव्हतं हो, कधीच नाही. आणि मग कळलं की तो भाकऱ्या करणारीसाठी येत होता. तसंही नसेल. दोन्हीसाठी येत असेल, माणूस दोन्हीसाठी येऊ शकतो, हे मला आता साठी उलटल्यावर कळतंय. पण तेव्हा वाटलं, ह्याने माझी मुलगी नेली आणि माझा दोस्तही नेला. म्हणून मी त्याच्या नावापुढून तिचं नाव काढलं.

पुस्तक निघालं. ह्यूच्या आईने ते पान बघितलं. तिने अफशाला फोन केला, ओरडली वगैरे नाही, अफशाने मला नंतर सांगितलं, फक्त विचारलं, “मग तू कोण आहेस?” अफशा म्हणाली, मी त्याची बायको. त्या म्हणाल्या, तुझे वडील नाही म्हणतात. अफशाला वाटलं आजारात काहीतरी बोलतायत. मग ह्यूच्या मोठ्या भावाने माझं पत्र स्कॅन करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी शटर वर करत होतो, ती आली, कडेवर यम्ना. मोबाइल इथे ठेवला, इथेच, काउंटरवर. “अब्बा, हे टायपिंग तुमचं आहे?” मी हो म्हटलं. माझी सही खाली होती, नाही कसं म्हणणार. ती रडली नाही. म्हणाली, “मी मेले असं लिहिलं असतं तरी चाललं असतं मला. तुम्ही त्याला एकटा मारलात. आता तो त्या पुस्तकात कायमचा एकटाच मेला.” यम्ना खाली उतरायला बघत होती, माझ्याकडे हात करत होती. अफशाने तिला घट्ट धरलं आणि गेली. संध्याकाळी घरी गेलो तर कपाट रिकामं. शिजरा पण नेला, आम्ही दोघांनी केलेला, फ्रेमसकट.

तिकडे त्या बाई सहा महिन्यांनी वारल्या. नातीला न बघता, ती नात आहे हे न मानता.

आता सहा वर्षं झाली त्याला. अफशा अबुधाबीला असते, खलिफा सिटीत, चांगली नोकरी आहे. फोन उचलत नाही. मी लंडनला पत्रं लिहायला लागलो की ते मी खोटं लिहिलं होतं, दुरुस्त करा. एक पत्र नाही, अकरा लिहिली. पुस्तकही मागवलं, पान नंबर देता यावा म्हणून. शेवटी उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, पण बायकोची सही लागेल ह्या फॉर्मवर. तर गेल्या महिन्यात तो फॉर्म घेऊन मी बसने अबुधाबीला गेलो. सगळं टाइप करून नेलं होतं, तिला फक्त सही करायची होती. वाटेत ठरवत होतो काय बोलायचं. दार तिनेच उघडलं. बारीक झालीय. केस पांढरे झालेत इथे, कानाजवळ, पस्तिशीत. आत घेतलं, पाणी दिलं, माझ्याशी बोलणं मोजकं, अदबीचं, जसं बँकेतला माणूस घरी यावा. टेबलाशी यम्ना होमवर्क करत होती. आठ वर्षांची. डोळे त्याचे, साहेब, ते करडे डोळे, आणि कपाळ माझ्या आईचं. अफशा तिला म्हणाली, बेटा, हे रोल्लाचे टायपिंग सेंटरवाले अंकल. पोरगी उठून उभी राहिली, हॅलो अंकल म्हणाली, शहाणी आहे.

अफशाने फॉर्म वाचला, उभ्यानेच. मग घडी घालून माझ्या हातात दिला. “हे त्याच्या आईने वाचायचं होतं, अब्बा,” हळूच म्हणाली, मराठीत, पोरीला कळू नये म्हणून. “आता कुणासाठी सही करू?” मी म्हटलं, यम्नासाठी. ती म्हणाली, यम्नाला तिचा बाप कोण ते माहीत आहे, मी सांगितलंय, छापून दाखवायची गरज नाही. बरोबर आहे तिचं. निघालो. चप्पल घालत होतो तर यम्ना मागे आली, पेन्सिल हातात. भिंतीवर ह्यूचा फोटो आहे, मी आल्यापासून त्याच्याकडे बघत होतो, ते तिने पाहिलं असावं. म्हणाली, “अंकल, डिड यू नो माय डॅड?” मी म्हटलं, यस बेटा, माझ्या दुकानात यायचा. तिने मला जरा न्याहाळलं, पोरं बघतात तसं, मग विचारलं, “आर यू रिलेटेड टू अस?”

मी अफशाकडे बघितलं. ती आत टेबलावरचा ग्लास उचलत होती, मान वर केली नाही, पण थांबली. ग्लास हातात धरून थांबली. तिने नुसतं वर बघितलं असतं ना तरी मी —

मी म्हटलं, “नो, बेटा. आय ओन्ली डू द टायपिंग.”

...

आले उस्ताद. अस्सलामु अलैकुम — हां, हाच पेपर, इथे सही, इथे स्टॅम्प. शुक्रन. घ्या साहेब, शाई ओली आहे, घडी घालू नका. नाव एकदा तपासून घ्या, बापाचं, आईचं. ईशानी. चांगलं नाव ठेवलंत. नाही, काही बोलू नका, मी आपला उगाच, मराठी ऐकलं की — ते पुस्तक द्या इकडे. द्या. यल्ला, निघा तुम्ही, सूर्य बुडायच्या, मगरिबच्या आधी निघालात तर ट्रॅफिक नाही लागणार. अहो, निघा म्हटलं ना.

नेक्स्ट. कोण आहे पुढे?